मिन्युएट फार छान झाला, तिथेच गडबड होती

मिन्युएट सुरळीत पार पडला आणि माझ्या पोटात गोळा आला. एरवी उलटं होतं. सहा जणांच्या तालमीत एखादा भाग पहिल्याच फेरीत न अडखळता गेला की आम्ही चहा मागवतो. पण समोर मोझार्टचा 'म्युझिकल जोक' होता, मोझार्टच्या रचनांच्या कोखेल यादीतला क्रमांक 522. त्याच्या मिन्युएटमध्ये, म्हणजे नाचाच्या चालीच्या भागात, दोन हॉर्न (पितळी फुंकवाद्यं) पुढे येतात आणि भलतेच सूर लावतात, तेही 'डोल्चे' म्हणजे गोडव्यानं वाजवा अशी सूचना असताना. आमच्या हॉर्नचा गोडवा पुरेपूर होता. भलते सूर मात्र कुठेच नव्हते.

बांद्र्यातला एक छोटा हॉल, रविवार सकाळी दहा, संध्याकाळी सातला कार्यक्रम. दोन व्हायोलिन, एक व्हायोला (ती मी), बासच्या जागी चेलो आणि दोन हॉर्न. पार्ट्स, म्हणजे ज्याच्या त्याच्या वाद्याची स्वरलिपी, एका जुन्या वादकाच्या संग्रहातून मागून आणलेले. मी पहिल्या हॉर्नच्या अंकलना विचारलं तर ते म्हणाले, "बाय, लिहिलंय तेच वाजवलं." त्यांचा पार्ट उजेडात धरला तेव्हा उलगडा झाला. पूर्वी कधीतरी कुणीतरी पेन्सिलीनं मोझार्टच्या चुका दुरुस्त केल्या होत्या. शार्प-फ्लॅटच्या खुणांवर काट मारलेली, दोन स्वरांची डोकी एकेक घर खाली सरकवलेली, काम अगदी नीटनेटकं. दुसऱ्या हॉर्नच्या पार्टमध्येही तेच. त्या माणसाला बहुधा वाटलं असेल की छापणाऱ्यानं घोळ केलाय. त्याला दोष देववत नाही, कारण विनोदाची बांधणीच तशी आहे. नक्कल करणारा चुकला, की हॉर्नवाला, की लिहिणाराच अडाणी, असा संशय यावा म्हणूनच ते सूर तसे लिहिलेत.

अशा वेळी पार्टवर भरवसा ठेवायचा नाही, मूळ स्कोअर, म्हणजे सगळ्या वाद्यांची एकत्र स्वरलिपी, उघडायचा. साल्झबर्गच्या मोझार्टेउम प्रतिष्ठाननं मोझार्टची नवी चिकित्सक आवृत्ती इंटरनेटवर सर्वांना फुकट पाहता येईल अशी ठेवली आहे. फोनवर ती लावून सहाही पार्ट स्वर-स्वर ताडून पाहिले. पाऊण तास गेला. व्हायोलिनच्या पार्टमध्येही एक 'दुरुस्ती' सापडली. मऊ रबरानं खुणा खोडल्या आणि त्या स्वरांवर चष्म्याचं चित्र काढलं. वादकांच्या खुणांच्या भाषेत चष्मा म्हणजे 'इथे नीट बघ'. आमच्यापुरता त्याचा अर्थ झाला, 'हो, खरंच असंच आहे'.

पण खोडून काम भागलं नाही. अंकल आता बरोबर वाचत होते, म्हणजे चुकीचे सूर वाचत होते, आणि तरी तिसऱ्या-चौथ्या खेपेला ओठ आपसूक सरळ सुराकडे घसरत होते. हॉर्नचं असं आहे की कळ दाबली म्हणून सूर ठरत नाही. एकाच कळीवर नैसर्गिक स्वरांची अख्खी शिडी असते, वरच्या सप्तकात तिच्या पायऱ्या एकमेकींना चिकटलेल्या असतात, आणि कुठल्या पायरीवर उभं राहायचं ते ओठ ठरवतात. ओठांना सांगतो कान. कानाला पुढचा सूर आधी ऐकू आला नाही तर ओठ शेजारची पायरी पकडतात. चाळीस वर्षं सुरात वाजवणाऱ्याचा कान बेसूर सूर आधी ऐकायलाच तयार नसतो. उपाय एकच, ती ओळ चूक म्हणून वाजवायची नाही, चाल म्हणून पाठ करायची. दोघा हॉर्नवाल्यांनी बाहेरच्या पडवीत उभं राहून ती आधी गुणगुणली, मग मूळच्या निम्म्या लयीत वाजवली, मग पूर्ण लयीत. वीसेक वेळा. ती त्यांना 'आपली' वाटायला लागल्यावरच आत बोलावलं. एक सोय मात्र होती, पार्ट एफ पट्टीच्या हॉर्नचा आहे. मोझार्टच्या काळी हॉर्नला कळा नव्हत्या, पट्टीनुसार नळी बदलायची. आजचा हॉर्न मुळात एफचा, त्यामुळे मनात स्वर बदलून वाचण्याची एक कटकट कमी.

त्यांचा सराव चालू असताना आत दुसरा वाद रंगला होता. कार्यक्रमपत्रिकेसाठी कुणीतरी लिहून आणलं होतं की मोझार्टनं ही रचना वडील वारल्यावर त्यांच्यावरचा राग काढायला लिहिली. तारखा बघितल्या तर मोह पडतोच. लिओपोल्ड मोझार्ट वारले 28 मे 1787 ला. मोझार्टनं स्वतःच्या रचनांच्या वहीत 'म्युझिकल जोक'ची नोंद केली 14 जूनला. पण हस्तलिखिताचे कागद तपासून अ‍ॅलन टायसन या अभ्यासकानं दाखवलं की लिखाण त्याच्या बरंच आधी सुरू झालं होतं. मधल्या काळात, 4 जूनला, मोझार्टची पाळलेली साळुंकीच्या जातीची स्टार्लिंगही मेली. या रचनेचं वेडंवाकडेपण त्या पक्ष्याच्या गाण्यावरून आलं असावं, असंही दोन अमेरिकी संशोधकांनी 1990 मध्ये सुचवलं. ऐकायला गंमत वाटते, पण मी पत्रिकेतून वडील आणि पक्षी दोघांनाही काढून टाकलं. श्रोत्यांना दुसऱ्याच मदतीची गरज होती.

कारण या विनोदातले निम्मे विनोद आपल्या श्रोत्याला ऐकूच येत नाहीत. समांतर पंचमांचंच घ्या. दोन आवाज पंचमाच्या अंतरानं एकाच दिशेनं सरकले तर त्या काळच्या व्हिएन्नात विद्यार्थ्याचा कागद लाल व्हायचा. आपल्याकडे सा-पची जोडी उचलून वर-खाली नेली तर कुणाची भुवई हलणार नाही. विनोद ऐकू यायला आधी नियम अंगात मुरलेला लागतो. तबलजीची सम चुकली की ज्याला बोलांतलं ओ की ठो कळत नाही तोही वळून बघतो, कारण सम त्याच्या अंगात आहे. म्हणून पत्रिकेत मी अंगात असलेल्या गोष्टीच लिहिल्या. पहिल्या भागाचं पहिलंच वाक्य चार-चार बारांच्या, म्हणजे तालाच्या घरांच्या, हिशेबात बसत नाही, तीनतालातलं आवर्तन एखादी मात्रा गिळून संपावं तसं वाटतं. मग साथीची धून चालूच राहते आणि तिच्यावर चालच येत नाही, हार्मोनियमवाला भाता मारतोय आणि गवय्या पान लावतोय. ट्रिओत, म्हणजे मिन्युएटच्या मधल्या भागात, पहिलं व्हायोलिन नुसतं सप्तकं चढतं-उतरतं, रियाझाची खोली उघडी राहिल्यासारखं. शेवटच्या प्रेस्टोत, म्हणजे जलद भागात, फ्यूगसारखं (एकाच चालीचा आवाजांनी एकामागून एक पाठलाग करावा तसं) काहीतरी मोठ्या ऐटीत सुरू होतं आणि दम लागल्यासारखं बसतं.

अडाज्योतला, म्हणजे संथ भागातला, कडेन्झा हे सरांचं, म्हणजे आमच्या पहिल्या व्हायोलिनचं, काम. एकटं व्हायोलिन शोभा करत वर चढतं आणि शिखरावर पूर्ण स्वरांच्या सप्तकात शिरतं. सा, रे, ग, तीव्र म, कोमल ध, कोमल नी, सगळी अंतरं सारखी, पंचमाचा पत्ता नाही. ऐकणाऱ्याला वाटतं की वाजवणाऱ्याचा हात घसरला आणि आता तो परतीची वाट शोधतोय. सरांचा पहिला प्रयत्न खरंच घसरल्यासारखा झाला, आणि तो ऐकवत नव्हता. फरक मिलिमीटरचा आहे. व्हायोलिनच्या तारेचा वाजणारा भाग साधारण 328 मिमी. तार अर्धी झाली, म्हणजे एक सप्तक वर गेलं, की पूर्ण स्वराचं अंतर साधारण 18 मिमी आणि अर्ध्या स्वराचं 9. आणखी एक सप्तक वर पूर्ण स्वरच 9 मिमीत बसतो. म्हणजे तिथे बोटांना पूर्ण स्वर हा खालच्या सप्तकातल्या अर्ध्या स्वरासारखा लागतो, कान म्हणतो 'मेजर (शुद्ध स्वरांचं) सप्तक चाललंय' आणि हात मधेच एखादा अर्धा स्वर लावून मोकळा होतो. एक अर्धा स्वर घुसला की विनोद मेला, उरते नुसती साधी चूक. सरांनी पहिल्या-दुसऱ्या बोटांच्या जोड्या करून प्रत्येक जोडीला जागा बदलायची ठरवली, कुठेही तिसरं बोट नाही. खाली तानपुरा लावला. दहाव्या-बाराव्या फेरीला पायऱ्या इतक्या सारख्या झाल्या की आमच्या अंगावर काटा आला. बेसूर वाटणं आणि बेसूर असणं यातला फरक त्या पायऱ्यांवर मोजून घेता येतो.

जेवणानंतर शेवटचे कॉर्ड, म्हणजे एकदम वाजणारे स्वरांचे गट, घेतले आणि दुपारचा मोठा भाग त्यांनीच खाल्ला.

प्रेस्टो धावत शेवटाला येतो आणि शेवटच्या ठोक्यांना सगळे वेगवेगळ्या घरी पोचतात. पेटीच्या पट्ट्यांत सांगायचं तर हॉर्न पांढरी चारमध्ये, म्हणजे एफमध्ये, जे रचनेचं खरं घर. चेलो काळी पाच, म्हणजे बी-फ्लॅट. माझा व्हायोला काळी दोन, ई-फ्लॅट. दुसरं व्हायोलिन पांढरी सहा, ए, आणि सर पांढरी पाच, जी. पाच षड्ज एकाच वेळी. पहिल्या फेरीला जे झालं ते भयंकरही नव्हतं आणि विनोदीही नव्हतं, ते गढूळ होतं. सगळेच नकळत एकमेकांकडे सरकले होते. गर्दीत माणूस खांदे चोरतो तसे सूर चोरले होते.

तेव्हा एकेकाला वेगळं काढलं. फोनवरच्या तानपुऱ्याच्या अ‍ॅपमध्ये ज्याची त्याची पट्टी लावली आणि हॉलच्या वेगवेगळ्या कोपऱ्यांत पाठवलं. प्रत्येकानं आपला कॉर्ड आपल्याच षड्जाला धरून, सा-ग-प नीट जुळवून, शांतपणे वाजवायचा. मग चेलो आणि हॉर्न एकत्र घेतले, आणि तिथे एक मजेदार गोष्ट समजली. हॉर्नचा एफ म्हणजे चेलोच्या बी-फ्लॅटचा पंचम. दोघं एकत्र वाजले की ऐकायला बरं लागतं आणि कान चेलोला षड्ज मानून बसतो. म्हणजे एकटे बरोबर असलेले हॉर्नवालेच पाहुण्यासारखे वाटायला लागतात! त्यात माझा ई-फ्लॅट, चेलो ज्याचा पंचम आहे, तो आणखी एक घर त्याच दिशेला. दोन्ही व्हायोलिनं घराच्या विरुद्ध अंगाला, जी आणि ए. हे नुसतं अंदाधुंद कुस्करणं नाही, घराच्या दोन्ही बाजूंना माणसं नेमून ओढाताण लावलीय. म्हणून आम्ही आधी खालची बाजू जुळवली, मग वरची, आणि सगळ्यात शेवटी एकत्र. ठोका एकदम सुरू, एकदम बंद. आवाज नेहमीचा, वाढवायचा नाही. जोर लावला की सूर हलतो आणि पुन्हा गढूळ. सातव्या फेरीला पाचही पट्ट्या वेगवेगळ्या ऐकू आल्या. ते ऐकणं मिरचीच्या ठेच्यात दात अडकल्यासारखं होतं. चेलोवाला हसून हसून खुर्चीवरून उठला.

हसण्याचाही बंदोबस्त करावा लागला. दुसऱ्या व्हायोलिनच्या पोरानं विचारलं, "ताई, शेवटी थोडं तोंड वाकडं केलं तर?" नाही. वाजवणाऱ्यानं डोळा मारला की चूक त्याची राहत नाही आणि लिहिणाऱ्याचीही राहत नाही, तिची नक्कल होते. रचनेतला तो अडाणी संगीतकार स्वतःवर फार खूश आहे, आणि आपण त्याच्या खुशीत सामील व्हायचं. चेहरा बीथोवेन वाजवताना असतो तो.

पहिल्या अर्ध्यात आम्ही चौघं तंतुवाद्यवाले हायडनचं 1781 मधलं 'जोक' क्वार्टेट वाजवणार होतो, त्याची उजळणी दहा मिनिटांत उरकली. तिथे सूर अस्सल शुद्ध आहेत, विनोद आहे तो शांततेत. शेवटी चाल दोन-दोन बारांचे तुकडे करून येते, मधे थांबा, मग फार लांब थांबा, आणि सगळं संपलं असं वाटल्यावर सुरुवातीचाच तुकडा हळू आवाजात. तिथे बो, म्हणजे गज, खाली आला तर लोक टाळ्या वाजवतात आणि विनोद वाया जातो. सगळ्यांचे बो तारेपासून बोटभर वर, स्थिर, डोळे कागदावर. त्यातही मोजून थांबायचं, अंदाजानं नाही, कारण अंदाज घाबरून लहान होतो.

आणखी एक अडचण पाचला लक्षात आली. हॉर्नचा भोंगा मागे वळलेला असतो आणि हॉलची मागची भिंत टाइल्सची. मिन्युएटमधला तो गोडवा भिंतीवर आपटून कर्ण्यासारखा परत येत होता. भिंतीला दोन सतरंज्या टांगल्या, खुर्च्या दीड मीटर पुढे घेतल्या. आवाज बसला.

संध्याकाळी मिन्युएट आला. अंकलनी मान न हलवता, गालात साखर ठेवल्यासारखे, सगळे भलते सूर लावले. पहिल्या रांगेतल्या एका आजोबांनी त्यांच्याकडे अशा दयेनं पाहिलं की मला व्हायोलाच्या आड तोंड लपवावं लागलं. शेवटच्या ठोक्यांनंतर सेकंदभर कुणी हललं नाही, मग मागच्या बाकांवरची मुलं खिदळली आणि त्यांच्यामागून हॉल. आजोबा मात्र सरांकडे बघत होते. सर काहीच न झाल्यासारखे ए लावून तार जुळलीय का ते तपासत होते. जुळलेलीच होती.

पार्ट्स परत करायचे होते आणि परत करताना खुणा खोडायच्या हा शिरस्ता. चष्मे खोडले. हॉर्नच्या पार्टमध्ये मिन्युएटच्या पानावर मात्र एक सुटी चिठ्ठी ठेवून दिली, त्यावर फक्त स्कोअरशी ताडलेल्या बारांचे क्रमांक. पेन्सिल हातात घेणाऱ्यानं आधी ते उघडून बघावेत.