आमची वाटचाल: क्लासच्या पैशांवर चालणारा थेरपीचा स्टुडिओ

कोथरूडमध्ये एका सोसायटीच्या तळमजल्यावर गाळा भाड्यानं घेऊन आम्ही दोघींनी आर्ट थेरपी, म्हणजे चित्रं आणि मातीकामातून मनावरचे उपचार, सुरू केली, तेव्हा येणाऱ्या फोनवर चौकशी ठरलेली असायची: "एलिमेंटरी-इंटरमिजिएटची तयारी करून घेता का?" मी जी. डी. आर्ट झालेली, मग म्हटलं घेऊ. शनिवार-रविवार क्लास, बाकीचे दिवस थेरपी. गाळ्याचं भाडं आजही क्लासमधूनच सुटतं.

सत्रं माझी भागीदार घेते. ती मानसशास्त्राची, प्रशिक्षणही तिचंच. माझ्याकडे हिशेब आणि साहित्य. यातली खरी मेख साहित्यात आहे. फार चिंता करणाऱ्या माणसापुढे आम्ही पहिल्याच दिवशी ओल्या कागदावर जलरंग ठेवत नाही; रंग पसरला की त्याचा जीव घाबरा होतो. आधी पेन्सिल, मग तेलखडू. शाडू सगळ्यांत सोशिक. बिघडलं की मोडा, वाळलं की पाण्यात टाका, पुन्हा मऊ. पोती मात्र गणपतीच्या बऱ्याच आधी भरून ठेवावी लागतात.

पत्नी गेल्यानंतर बोलणंच टाकलेले एक काका लेकीच्या आग्रहाखातर आले. (हे त्यांच्या परवानगीनं लिहितेय.) त्यांनी पट्टी मागून घेतली आणि घरातला ओटा आखायला घेतला. फळीवरचे डबे ओळीनं काढले. मोहरीचा डबा कुठे असायचा ते काही केल्या आठवेना, आणि तिथून ते बोलायला लागले. चित्र म्हणाल तर अगदी बेताचंच.

बेताचं असलं तरी चालतं, हे आम्ही मनाचं सांगत नाही. फिलाडेल्फियातल्या ड्रेक्सेल विद्यापीठानं २०१६ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात ३९ प्रौढांनी ४५ मिनिटं रंग, माती, कोलाज असं काहीतरी केलं. साधारण तीन-चतुर्थांश जणांमध्ये कॉर्टिसॉल हे ताणाशी निगडित संप्रेरक कमी झालं. आधी चित्रकलेचा हात असण्या-नसण्यानं फरक पडला नाही. अभ्यास छोटा आहे, आणि दुसरी बाजूही आहे: २०१२ मध्ये ब्रिटनमधल्या ४१७ स्किझोफ्रेनियाग्रस्तांवरच्या चाचणीत गटात दिलेल्या आर्ट थेरपीचा नेहमीच्या उपचारांपेक्षा जास्त फायदा दिसला नाही. म्हणून पहिल्याच भेटीत सांगतो, डॉक्टरांच्या गोळ्या बंद करायच्या नाहीत. "गोळ्या सुटतील ना?" या आशेनं आलेले काहीजण तिथूनच परत जातात. जाऊ देत.

धंद्याच्या दृष्टीनं सगळ्यांत महागात पडलेला नियम फोटोंचा. थेरपीतलं चित्र ज्याचं त्याचं. ते कपाटात कुलपात राहतं, भिंतीवर लागत नाही, इन्स्टाग्रामवर तर नाहीच. दाखवायला काही नसलेल्या व्यवसायाची जाहिरात करायची कशी, हे आम्हाला अजून नीटसं जमलेलं नाही. निम्म्याहून जास्त लोक मानसोपचारतज्ज्ञांच्या चिठ्ठीवर येतात, तेवढ्यावर चाललंय. एका कंपनीला कर्मचाऱ्यांसाठी फोटोंसकट 'थेरपी' हवी होती. आम्ही गेलो, मजाही आली. बिलावर मात्र 'चित्रकला कार्यशाळा' लिहिलं.

अलीकडे घरात स्मृतिभ्रंशाचं माणूस सांभाळणाऱ्यांसाठी दुपारची बॅच सुरू केली आहे. त्या वेळेला मदतनीस बाई घरी असते, म्हणून दुपार. फी ज्याला जमेल तशी. त्यासाठी इंटरमिजिएटची एक बॅच वाढवावी लागली, आणि माझा रविवार संध्याकाळपर्यंत लांबला.