नोटीस पिरियड: राजीनाम्यापासून रिलीव्हिंग लेटरपर्यंत माझा अनुभव

राजीनामा द्यायचं पक्कं झालं की आधी अपॉइंटमेंट लेटर काढून वाचावं. नवं ऑफर लेटर हातात येईपर्यंत ऑफिसात तोंड उघडायचं नाही, हे सगळ्यांना ठाऊक असतं. जुन्या पत्रातलं नोटीसचं कलम मात्र फार थोडे जण वाचतात, आणि शेवटच्या आठवड्यातली बहुतेक कटुता तिथूनच सुरू होते. पुण्यातल्या खासगी कंपनीत कन्फर्म असल्यामुळे माझी नोटीस तीन महिन्यांची होती. प्रोबेशनवर ती सहसा बरीच कमी असते.

त्या कलमातले शब्द नीट बघावेत. मुदत ‘90 दिवस’ लिहिली आहे की ‘तीन महिने’? 1 जुलैला राजीनामा दिला आणि तोच पहिला दिवस धरला, तर 90 दिवस 28 सप्टेंबरला भरतात, तीन महिने 30 सप्टेंबरला. नवी कंपनी 29 तारखेला बोलावत असेल तर हे दोन दिवस महागात पडतात. नोटीस कमी करून पैसे भरायची सोय असेल, तर ती रक्कम बेसिकवर (मूळ पगारावर) की ग्रॉसवर (भत्त्यांसकट एकूण पगारावर) हेही तिथेच कळतं. बेसिक 30,000 आणि ग्रॉस 75,000 असेल, तर एका महिन्यामागे 45,000 चा फरक पडतो. या वसुलीवर कुणी जीएसटी लावत असेल तर नम्रपणे थांबवावं. तो लागत नाही, असं ऑगस्ट 2022 च्या परिपत्रकात स्पष्ट केलेलं आहे. जॉइनिंग बोनस किंवा कंपनीच्या खर्चाने झालेलं ट्रेनिंग परत भरायची अट वेगळ्या पत्रात असू शकते, तेही काढून ठेवावं.

मेल पाठवण्याआधी साहेबांशी समोरासमोर बोलावं. ‘सर, दहा मिनिटं हवी होती, दार लावून बोलायचंय,’ एवढं म्हटलं तरी त्यांना अंदाज येतो. कारण एकच आणि खरं सांगावं, आणि एचआरलाही तेच. साहेबांना एक, एचआरला दुसरं आणि टीमला तिसरं सांगितलं की संध्याकाळपर्यंत तिन्ही एकत्र होतात. पगार वाढवून देतो म्हणाले तर ‘विचार करून सांगतो’ म्हणू नये. जायचं ठरलं असेल तर त्याच बैठकीत नको म्हणणं दोघांच्याही सोयीचं असतं, कारण त्यांना लगेच माणूस शोधायला घेता येतो.

मेल पाच-सहा ओळींचा पुरतो. एम्प्लॉयी कोड, पद आणि मग: ‘नेमणूक पत्रातील कलमानुसार तीन महिन्यांची नोटीस देत आहे. माझा कामाचा शेवटचा दिवस 30 सप्टेंबर राहील. कृपया राजीनामा स्वीकारल्याचे व ही तारीख मान्य असल्याचे कळवावे.’ तक्रारी यात नकोत, हा कागद फाइलमध्ये कायम राहतो. एचआर पोर्टलवरही त्याच दिवशी नोंद करावी. मेल 1 तारखेचा आणि पोर्टलवरची नोंद 6 तारखेची असेल, तर पाच दिवस जास्त भरायला सांगतात आणि सिस्टीम त्यांच्या बाजूने असते. मान्य तारखेचा लेखी मेल आल्याशिवाय नव्या कंपनीला जॉइनिंगची तारीख देऊ नये.

हँडओव्हरवर मी सगळ्यात जास्त वेळ घालवा म्हणेन. एक साधी एक्सेल शीट पुरते: काम, सध्याची स्थिती, फाइल कुठे आहे, बाहेरचा संपर्क कोण, पुढची तारीख, कुणाकडे सोपवलं. ‘रोजचं काम’ अशी मोघम ओळ लिहिली की शीट निरुपयोगी होते. त्याऐवजी ‘दर महिन्याच्या 7 तारखेला व्हेंडरची बिलं अकाउंट्सला पाठवणे, जीआरएन (माल मिळाल्याची पावती) नंबर जुळवून’ असं लिहावं. जे काम वर्षातून एकदाच येतं, एएमसीचं (वार्षिक देखभाल कराराचं) नूतनीकरण किंवा ऑडिटची तयारी, तेच हमखास सुटतं आणि तेव्हाच जुन्या माणसाला फोन जातो. नव्या माणसाकडून ते काम शेवटच्या महिन्यात एकदा करवून घ्यावं, आपण शेजारी बसावं. मग शीट साहेबांना मेल करावी.

कंपनीचं सिम वापरत असाल तर आधार, बँक आणि पीएफच्या यूएएनला (पीएफ सदस्याच्या कायम क्रमांकाला) तोच मोबाइल नंबर जोडलेला आहे का, हे पहिल्याच आठवड्यात तपासावं. सिम परत गेलं की ओटीपीही गेला. सगळ्या पे-स्लिप आणि फॉर्म 16 उतरवून घ्यावेत, कारण शेवटच्या संध्याकाळी लॉगिन बंद होतं. लॅपटॉप देताना सिरीयल नंबर लिहिलेली पोच घ्यावी.

पैशाचं गणित आधी मांडून ठेवावं. राजीनामा दिला की शेवटच्या महिन्याचा पगार अनेक कंपन्या रोखतात आणि फुल अँड फायनलमध्ये, म्हणजे अखेरच्या हिशेबात देतात. 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झालेल्या वेतन संहितेत राजीनाम्यानंतरचं वेतन दोन कामाच्या दिवसांत द्यायचं आहे, तरी दोन महिन्यांचे हप्ते खात्यात ठेवलेले बरे. ग्रॅच्युइटीला कायम नोकरीत पाच वर्षं सलग लागतात. त्यासाठी धरलेलं शेवटचं वेतन 40,000 आणि नोकरी 7 वर्षं असेल तर 40,000 गुणिले 15 गुणिले 7 भागिले 26, म्हणजे सुमारे 1,61,538 रुपये. पाच वर्षांना दोन-तीन आठवडे कमी पडत असतील तर नव्या कंपनीकडून तारीख पुढे मागून घ्यावी, यात संकोच करू नये.

ग्रुप मेडिक्लेम साधारण शेवटच्या दिवशीच संपतो. आई-वडील त्यात असतील तर नोटीस चालू असतानाच त्याच विमा कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत जाण्याचा अर्ज करावा. आधीच्या आजारांसाठी भरलेला प्रतीक्षा काळ तिथे धरला जातो. वर्षाच्या मध्ये नोकरी बदलली तर जुन्या कंपनीतला पगार आणि कापलेला टीडीएस नव्या कंपनीला कळवावा. नाहीतर दोन्हीकडे स्टँडर्ड डिडक्शन आणि स्लॅबचा फायदा मिळतो आणि रिटर्न भरताना व्याजासकट रक्कम भरावी लागते.

रिलीव्हिंग लेटर आणि एक्सपिरियन्स लेटर हे वेगळे कागद आहेत. पहिल्यात तुम्हाला कधी मोकळं केलं ते असतं, दुसऱ्यात पद आणि कालावधी. दोन्ही मागावेत, आणि नावाचं स्पेलिंग पॅन-आधारशी आणि जॉइनिंगची तारीख अपॉइंटमेंट लेटरशी तिथल्या तिथे ताडून बघावी.

पीएफ काढू नये, ट्रान्सफर करावा. नोकरीची सलगता त्यातच टिकते. जुन्या कंपनीने ‘डेट ऑफ एक्झिट’ भरली नसेल तर ट्रान्सफर अडकतो. शेवटच्या वर्गणीनंतर दोन महिने झाले की ती तारीख पीएफच्या पोर्टलवर ‘मॅनेज’मध्ये ‘मार्क एक्झिट’वर जाऊन आधार ओटीपीने स्वतःच भरता येते. ती रिलीव्हिंग लेटरवरच्या तारखेशी जुळलीच पाहिजे. भरण्याआधी दोनदा बघा, नंतर दुरुस्तीला पुन्हा जुन्या एचआरचं दार ठोठावावं लागू शकतं.