दाजींचा सर्व्हर, नोंद ३: रेड ५ ला रामराम

मागच्या नोंदीत चार डिस्क ट्रेमध्ये बसल्या होत्या. नव्याने वाचणाऱ्यांसाठी थोडक्यात: दाजींचं सांगलीत औषधांचं होलसेल दुकान आहे. सहा कॉम्प्युटर, टॅली आणि स्कॅन करून ठेवलेली बिलं. सेकंडहँड टॉवर सर्व्हर, डिस्क बसवायचे चार कप्पे, प्रत्येकी ४ टीबीच्या ७२०० आरपीएम डिस्क. एखादी डिस्क मेली तरी डेटा वाचावा म्हणून डिस्क एकत्र बांधायच्या पद्धतीला रेड (RAID) म्हणतात, आणि अशा बांधलेल्या गटाला ॲरे. दाजींना पहिल्यांदा म्हटलं, "आता रेड करू या," तर ते गल्ल्यावरून उठलेच. "काय रे, दुकानात रेडची भाषा करतोस!" तेव्हापासून त्यांच्यासमोर मी नुसतं ॲरे म्हणतो.

सर्व्हरसोबत रेड सांभाळणारं एक कार्ड आलं होतं, पण त्याची बॅटरी मेलेली होती. बॅटरी नसली की कार्ड कॅशवर, म्हणजे राइट तात्पुरते धरून ठेवणाऱ्या मेमरीवर, भरवसा ठेवत नाही, प्रत्येक राइट थेट डिस्कवर टाकतं आणि सगळं रांगायला लागतं. म्हणून कार्ड काढून लिनक्सच्या सॉफ्टवेअर रेडवर आलो. उद्या मदरबोर्ड गेला तर याच चार डिस्क दुसऱ्या कुठल्याही लिनक्स मशीनला लावून ॲरे उभा करता येतो. जुनं कार्ड गेलं असतं तर तसंच दुसरं शोधत बाजार पालथा घालावा लागला असता.

आता मुख्य भांडण. रेडचे प्रकार आकड्यांनी ओळखतात. ५ मध्ये एका डिस्कएवढी जागा पॅरिटीला, म्हणजे गेलेला डेटा परत काढायच्या हिशेबाला जाते, ६ मध्ये दोन डिस्कएवढी. १० मध्ये डिस्कच्या जोड्या करून सगळं दोन-दोनदा लिहितात. चार डिस्कवर रेड ५ दिलं तर १२ टीबी मिळतात, रेड ६ किंवा १० दिलं तर ८. साहजिकच मी आधी ५ बनवलं. फुकटचे ४ टीबी कोण सोडतो! दुकानाचा आठ वर्षांचा सगळा डेटा मोजला तर ९०० जीबीसुद्धा भरत नाही, हे सुचायला दोन दिवस लागले.

टॅलीचं काम म्हणजे बारीक बारीक राइट. रेड ५ मध्ये असा एक राइट करायचा तर जुना डेटा वाचा, जुनी पॅरिटी वाचा, मग दोन्ही नव्याने लिहा, म्हणजे डिस्कला वाचण्या-लिहिण्याच्या चार फेऱ्या. रेड ६ मध्ये सहा, रेड १० मध्ये दोन. अशी डिस्क सेकंदाला साधारण ८० फेऱ्या मारते, चार मिळून ३२०. म्हणजे कॅश नसेल तर रेड ५ वर सेकंदाला ८० राइट, ६ वर पन्नासेक, १० वर १६०. महिन्याच्या ११ आणि २० तारखेला, जीएसटी रिटर्नच्या धांदलीत, हा फरक काउंटरवरच्या पोरांना जाणवतो.

तरी माझं मत फिरलं ते रिबिल्डमुळे, म्हणजे बदललेल्या डिस्कवर डेटा पुन्हा भरून घेण्यामुळे. एक डिस्क मुद्दाम बाद करून पुन्हा घातली. सर्व्हर रिकामा असताना आठ तास लागले. मग लॅपटॉपवरून बारीक फाइल लिहिणारी स्क्रिप्ट चालू ठेवून तेच केलं, तर एकवीस तास. एवढा वेळ उरलेल्या तिन्ही डिस्क पहिल्या सेक्टरपासून (डिस्कवरचा सगळ्यात छोटा तुकडा) शेवटच्यापर्यंत वाचल्या जातात, म्हणजे १२ टीबी. साध्या डिस्कच्या डेटाशीटवर न वाचता येणाऱ्या सेक्टरचं प्रमाण १०चा १४वा घात बिटांमागे एक, असं लिहिलेलं असतं. ते होतात साडेबारा टीबी. प्रत्यक्षात डिस्क यापेक्षा बऱ्या निघतात, पण कंपनीच्या हमीची हद्द आणि माझा रिबिल्ड एकाच ओळीत आलेले बघून पोटात गोळा आला. रेड १० मध्ये फक्त जोडीदार डिस्क वाचायची, ४ टीबी.

आणि मग रविवारी रात्रीचा माझा पराक्रम. ॲरेमधून 'सी' नावाची डिस्क बाद केली, तिसरा ट्रे ओढला. लाइट नारिंगी व्हायच्या ऐवजी सगळा ॲरेच कोसळला. रीबूटनंतर डिस्कची नावं बदलली होती, मी चांगली डिस्क बाहेर काढली होती! डेटा टेस्टचा होता म्हणून वाचलो. ट्रे परत घालून जबरदस्तीने जोडल्यावर ॲरे उठला, पण तोवर बनियन घामाने भिजलं होतं. आता प्रत्येक ट्रेच्या तोंडाशी सिरीयल नंबरचे शेवटचे चार अंक चिकटवलेत. नावावर विश्वास नाही, नंबरावर.

रेड ६ का नाही, हे कोणीतरी विचारणारच. त्यात कुठल्याही दोन डिस्क गेल्या तरी चालतं. रेड १० मध्ये एक गेल्यावर दुसरी नेमकी तिचीच जोडीदार गेली की संपलं, म्हणजे तिनात एक. आठ डिस्कवर नुसते स्कॅन साठवायचे असते तर ६ च घेतलं असतं. इथे मला वेग हवा होता आणि रिबिल्ड लवकर उरकायला हवा होता. शिवाय डिस्क दोन दुकानांतून दोन-दोन घेतल्यात, आणि प्रत्येक जोडीत एक इकडची, एक तिकडची ठेवलीय. एकाच लॉटमधल्या डिस्क एकदमच म्हाताऱ्या होतात असा माझा संशय आहे.

जाता जाता: १९८८ च्या बर्कलीच्या ज्या पेपरात पॅटरसन, गिब्सन आणि कॅट्झ यांनी रेड हे नाव दिलं, त्यात १ ते ५ एवढ्याच पायऱ्या होत्या. आणि RAID मधला आय 'इनएक्स्पेन्सिव्ह'चा, म्हणजे स्वस्तचा होता. सेकंडहँड सर्व्हरवाल्यांना तेवढाच दिलासा.

सध्याची स्थिती: रेड १० चालू, बिटमॅप (कुठल्या भागात लिहिणं अर्धवट आहे याची नोंद) चालू, महिन्याच्या पहिल्या रविवारी पूर्ण तपासणी. डिस्क खराब सेक्टरवर मिनिटभर झगडत बसली तर लिनक्स तीस सेकंदांत कंटाळून तिला बाद करायला निघतं, म्हणून डिस्कनेच सात सेकंदांत हार मानावी असं सेटिंग बूटच्या स्क्रिप्टमध्ये टाकलंय. वीज गेली की काही डिस्क ते विसरतात. रोज रात्री बॅकअप वेगळ्या यूएसबी डिस्कवर. दाजी म्हणाले, "दोन-दोन ठिकाणी लिहितंय ना, मग हा खर्च कशाला?" मी त्यांच्यासमोर एक फोल्डर डिलीट केला आणि म्हटलं, आता दुसऱ्या डिस्कवर शोधा. पैसे निघाले.

यूपीएस राहिलाय, तो पुढच्या नोंदीत. पाचवी डिस्क स्पेअर म्हणून काउंटरच्या खणात आहे. पोरं चुकून ती कुणाला देऊन टाकतील म्हणून दाजींनी तिच्यावर डॉक्टरांच्या सॅम्पलचं स्टिकर लावलंय: 'विक्रीसाठी नाही'.