पहिल्या वाक्याचा मान

वर्तमानपत्रातील निधनवार्ता मी पूर्वी वयासाठी वाचत असे. अलीकडे विशेषणांसाठी वाचतो. 'मनमिळाऊ' आणि 'परोपकारी' ही विशेषणे बहुतेकांच्या वाट्याला येतात, त्यामुळे त्यांतून फारसे काही हाती लागत नाही. पण 'स्पष्टवक्ते' असा शब्द दिसला की त्या स्पष्टपणाचे घाव सोसलेली माणसे डोळ्यांपुढे येतात, आणि 'करड्या शिस्तीचे' म्हटले की त्यांची पावले वाजताच घरातले हसणे थांबत असावे, अशी शंका येते. लंडनच्या 'डेली टेलिग्राफ'मध्ये १९८६ पासून मृत्युलेखांचे संपादन करणाऱ्या ह्यू मॅसिंगबर्ड यांच्या काळात तर ही आडवळणाची भाषा चांगलीच मुरली. कुणाला 'मैफलीत रमणारा' म्हटले, तर स्वारी बहुधा पिऊन तर्र असे, हे जाणत्या वाचकाला बरोबर उमगे.

विशेषणांहूनही अधिक बोलके असते ते पहिले वाक्य. उपग्रहांना कक्षेत जागच्या जागी राखणारी यंत्रणा विकसित करणाऱ्या अभियंत्या इव्हॉन ब्रिल मार्च २०१३ मध्ये, वयाच्या ८८ व्या वर्षी वारल्या. दोनच वर्षांपूर्वी अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांनी त्यांना राष्ट्रीय पदक देऊन गौरवले होते. 'न्यूयॉर्क टाइम्स'मधील त्यांच्या मृत्युलेखाची सुरुवात मात्र त्या 'बीफ स्ट्रोगनॉफ' हा पदार्थ फर्मास करीत, पतीच्या नोकऱ्यांमागे गावे बदलत राहिल्या आणि मुलांसाठी त्यांनी आठ वर्षे काम सोडले, अशी झाली. अग्निबाणांच्या क्षेत्रातले त्यांचे काम उगवले ते दुसऱ्या परिच्छेदात. वाचक संतापले, आणि संकेतस्थळावरील मजकुरातून तो पदार्थ नाहीसा झाला. संताप रास्तच होता, कारण कोणा पुरुष शास्त्रज्ञाचा मृत्युलेख त्याच्या हातच्या आमटीपासून सुरू झालेला मी तरी वाचलेला नाही. तरीही तो पदार्थ पार पुसला गेला याची मला थोडी हळहळ वाटते. पाचव्या परिच्छेदात तो शोभला असता, आणि प्रयोगशाळेतून परतल्यावर स्वयंपाकघरात उभी राहणारी बाईही आपल्याला दिसली असती.

अनेकींना तर चुकीचे पहिले वाक्यही मिळाले नाही. १८५१ पासून निघणाऱ्या याच वर्तमानपत्राने २०१८ मध्ये, आपले मृत्युलेख प्रामुख्याने गोऱ्या पुरुषांचेच होते अशी कबुली देऊन, राहून गेलेल्यांवर लिहायला घेतले. पहिल्याच तुकडीत मधुबाला होती. तिला जाऊन तेव्हा ४९ वर्षे झाली होती.

माझ्या एका मावशीची निधनवार्ता लिहिण्याचे काम माझ्याकडे आले, तेव्हा जागा जेमतेम साठ शब्दांची होती. नोकरी, वय, 'त्यांच्या पश्चात' पासून 'असा परिवार आहे' पर्यंतची नाती, एवढ्यातच ती संपली. वाचनालयातून आणलेल्या प्रत्येक पुस्तकातली शुद्धलेखनाची चूक ती समासात पेन्सिलीने, अगदी बारीक अक्षरांत दुरुस्त करून मगच पुस्तक परत करी, आणि त्यावरून ग्रंथपालांशी तिचे वर्षानुवर्षे वाजत असे, हे वाक्य मी लिहिले होते. शेवटी तेच खोडावे लागले. दुसऱ्या दिवशी छापून आलेल्या मजकुरात तिच्या आडनावाची वेलांटी चुकलेली होती. कात्रण वहीत चिकटवण्याआधी मी पेन्सिल शोधली.