वाडा क्र. ३, रात्र ११: ४७ मिनिटांचा घोळ

मंडळी, नवीन आलेल्यांसाठी एका ओळीत: नाशिकच्या या वाड्यात रात्री कुणी चालल्यासारखी पावलं ऐकू येतात, आणि ती कुठून येतात हे आपण हादऱ्याचे सेन्सर आणि आवाजाचा रेकॉर्डर लावून रात्रीमागून रात्र शोधतोय. आता आधी कबुली. रात्र ९ चा जो आलेख दाखवून मी मिशीला पीळ दिला होता, तो विसरा. ३:०५ ला आवाजाविना हादरा, ३:५२ ला हादऱ्याविना आवाज, यावर आपण आठ दिवस डोकी फोडली. एकाने तर मला वाडा शांत करून घ्यायचा सल्ला दिला. दोन्ही गोष्टी एकच होत्या.

झालं असं. गुरुवारी जेवणानंतर उगाच रात्र ९ ची तापमानाची रेघ न्याहाळत होतो. रात्रभर सपाट, आणि ५:५२ ला एकदम दीड अंश घसरण. ती घसरण म्हणजे मीच! दिंडीदरवाजातून आत येऊन माडीचं दार सताड उघडलं, बाहेरची थंडी आत घुसली. पण त्याच दारात काढलेला फोटो मोबाईलवर ६:३९ चा. वजाबाकी तीनदा केली. ४७ मिनिटं.

हादरे आणि तापमान नोंदवणाऱ्या माझ्या जुन्या रास्पबेरी पायला (हा एक छोटा संगणक) वीज गेल्यावर वेळ धरून ठेवणारी बॅटरी नाही. वाड्यात इंटरनेटही नाही. मध्यरात्री वीज गेली. परत आल्यावर पठ्ठ्या शेवटची जतन केलेली वेळ धरून, जणू काही झालंच नाही अशा थाटात पुढे चालू. रेकॉर्डर मात्र सेलवर, त्याला विजेचा पत्ताच नाही. म्हणजे पावलं मोजायला ठेवलेल्या पायानेच लाथ मारली. डीएस३२३१ चं बॅटरीवालं छोटं घड्याळ आधीच लावलं असतं तर आठ दिवस वाचले असते. शे-दीडशे रुपयांसाठी मी कंजूषपणा केला, दुसरं काय.

खरेदीवरून आठवलं. तापमान आणि आर्द्रता मोजणारा बीएमई२८० म्हणून जो सेन्सर मला विकला गेला, तो बीएमपी२८० निघाला. आर्द्रता मोजतच नाही. चिपचा आयडी ०x६० ऐवजी ०x५८ आला की समजा आपला मामा झाला. दुकानाचं नाव घेत नाही, पण विकत घेताना डबीवरच्या छपाईवर जाऊ नका. आणि कुणीतरी परत के-टू मीटरबद्दल (भूत शोधणारे वापरतात ते चुंबकीय लहरींचं मीटर) विचारलंय. माझा घ्या, फुकट. मोबाईल जवळ नेला की पाचही दिवे लागतात.

आता मुद्द्यावर. वेळ जुळवल्यावर पहिल्यांदाच हादरा आणि आवाज एकमेकांवर बसले. सात ठोके, दोन ठोक्यांत सेकंदभर अंतर. माझा लाडका तर्क तुम्हाला पाठ आहे: नाशिकच्या थंडीत सागाचा कडीपाट आकसतो, खिळ्यापाशी अडकलेली फळी सुटते, एकीमागून एक सुटल्या की कुणी चालल्यासारखं वाटतं. मग हादऱ्याचा सेन्सर ‘अ’, जो माडीच्या फळ्यांवर आहे, तो जोरात हलायला हवा. पण ‘ब’ त्याच्या जवळजवळ तिप्पट हलला, आणि ‘ब’ आहे सामाईक भिंतीतल्या कोनाड्यात. म्हणजे माडीवर कुणी चालत नाही. जे काही आहे ते भिंतीत.

दोन हात जाडीची भिंत. बाहेरून विटा, पोटात माती-दगडाचा भराव, खाली २०१६ च्या पुराची रेघ अजून दिसते. आपला जिना तिच्याच पोटातून वर जातो. आणि पलीकडच्या अंगाला, बोळात उभं राहून मान वाकडी केली तरच दिसतो असा, शेजाऱ्यांचा जुना लोखंडी नळ वर गेलाय. त्याचा एक क्लॅम्प मी बोटाने हलवला. खुळखुळ्यासारखा वाजला.

शेजारच्या काकूंना विचारलं, पाणी किती वाजता येतं?

“चारच्या आसपास. आधी नुसती हवा येते, फुसफुस करत.”

मी तिथेच बोळात उडी मारायचा बाकी होतो. रिकाम्या नळात पाणी सुटलं की पुढची हवा रेटली जाते, नळाला धक्के बसतात, सैल क्लॅम्प भिंतीवर आपटतो. रात्र १० ला घड्याळ बसवून पुन्हा ऐकलं: ३:४९, सात ठोके, दोन्ही यंत्रांत सेकंदाचाही फरक नाही. रात्र ११ ला दुरुस्तीसाठी पाणी बंद होतं. पहाटे पाचपर्यंत एकही ठोका नाही. (एक गव्हाणी घुबड मात्र फिस्कारून गेलं, त्याने मला घामच फोडला.) एका कोरड्या रात्रीवर निकाल देणार नाही, पण टँडींच्या पंख्यामागे घालवलेला महिना आता परत मागावासा वाटतोय. व्हिक टँडी या इंग्रज इंजिनिअरने प्रयोगशाळेतल्या ‘भुता’चा माग पंख्याच्या १९ हर्ट्झच्या आसपासच्या, कानाला न ऐकू येणाऱ्या लहरीपर्यंत काढला आणि १९९८ साली तो लेखात मांडला, ते खरंच. पण आपल्या वाड्यात पंखाच नाही, हे मला तेव्हा सुचायला हवं होतं.

हे सगळं मोठ्या ऐटीत मामांना फोनवर सांगितलं. ते शांतपणे ऐकून म्हणाले, “अरे, पण माझ्या आजीच्या लहानपणी नळ कुठे होता? आड होता चौकात. आणि आजी सांगायची ती पावलं जिना उतरायची. तू तर चढवतोयस.”

खरंय. शिवाय क्लॅम्प पाचच आहेत, ठोके सात.

म्हणून शनिवारचा बेत बदलतोय. चौकात कॅमेरा लावणं रद्द. दोन्ही एडीएक्सएल (म्हणजे हादऱ्याचे सेन्सर ‘अ’ आणि ‘ब’) भिंतीवरच, एक जिन्याच्या तळाशी, एक वरच्या पायरीपाशी. दोघांचे पत्ते, म्हणजे ओळख क्रमांक, ०x५३ आणि ०x१डी असे वेगळे ठेवले की एकाच तारांच्या जोडीवर चालतात. खालचा आधी हलतो की वरचा, एवढंच बघायचंय. आणि हे लिहिता लिहिता सुचलं: पाणी येताना ठोके चढत असतील, तर पाणी गेल्यावर नळ रिकामा होताना? ती वेळ आपण कधी रेकॉर्डच केली नाही, उजाडलं की सामान आवरतो. यावेळी आठपर्यंत चालू ठेवतो.

विजयानंद थिएटरला रात्र कधी, असं विचारणाऱ्यांना: कधीच नाही. २१ डिसेंबर १९०९ ला अनंत कान्हेरेंनी कलेक्टर जॅक्सनवर गोळ्या झाडल्या ती जागा आहे, तिथे मीटर घेऊन मी फिरणार नाही.

शनिवारी कुणाकडे बारा फुटी शिडी असेल तर आणा. काकूंनी चहा कबूल केलाय, पण नळाला पाणी आल्यावरच.