बास्केट लहान करा म्हणणाऱ्यांसाठी

पावसाळ्यानंतरच्या डिस्क गोल्फच्या स्पर्धेत बास्केट लहान करायच्या, हे आमच्या ग्रुपवर जवळजवळ ठरल्यात जमा आहे. त्या बनवणार मीच. कोल्हापूरच्या उद्यमनगरात माझं फॅब्रिकेशनचं शेड आहे आणि आत्ताच्या बास्केटही तिथंच झाल्यात. म्हणून आधीच सांगून ठेवतो: बनवून देतो, पण नऊच्या नऊ होलला लावायला माझा विरोध राहणार.

ज्यांना खेळ माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. डिस्क गोल्फ म्हणजे गोल्फच, फक्त चेंडूऐवजी डिस्क, म्हणजे फेकायची चकती, आणि होलच्या खड्ड्याऐवजी खांबावर साखळ्या लावलेली बास्केट. कमीत कमी थ्रोमध्ये डिस्क आत घालायची. आम्ही कात्यायनीच्या बाजूला एका मित्राच्या माळावर खेळतो. एका अंगाला ऊस आहे. डिस्क एकदा उसात शिरली की खेळ राहतो बाजूला आणि सगळे पाचटात वाकून फिरतात.

सुरुवातीला बास्केट नव्हत्याच. कडुनिंबाच्या बुंध्याला कापडाची पट्टी बांधायची आणि तिला डिस्क लागली की होल झाला. मग "लागली", "कुठं लागली, घासून गेली" यातच संध्याकाळ जायची. अमेरिकेतही सुरुवात अशीच आहे. १९७५ मध्ये कॅलिफोर्नियातल्या ओक ग्रोव्ह पार्कमध्ये एड हेड्रिकनं पहिला कोर्स आखला तेव्हा तिथं नुसते खांब होते. साखळ्यांच्या बास्केटचं पेटंट त्याला १९७७ मध्ये मिळालं. साखळी डिस्कचा जोर खाते आणि डिस्क खालच्या जाळीत पडते. वाद घालायला जागाच नाही.

आता माझ्या भाच्याचं म्हणणं ऐका. (पट म्हणजे जवळून थेट बास्केटवर मारलेला थ्रो.) "मामा, दहा मीटरच्या आत चांगल्यांचा पट चुकतच नाही. मग पटिंगला अर्थ काय राहिला?" मुद्दा खोटा नाही. बाहेरच्या देशांतही हीच कुरकुर चालते आणि सरावासाठी लहान बास्केट तिकडं विकत मिळतात. पण मी शेडमध्ये फरशीवर खडूनं गोल काढून बघितले.

डिस्कचा व्यास साधारण २१ सेंटीमीटर. आमच्या बास्केटची साखळ्यांची रिंग ५४ ची. डिस्क मधोमध आली तर साखळ्या तिला धरतात. कडेच्या १० सेंटीमीटरमध्ये आली तर बहुतेक वेळा घसरून बाहेर. दोन्ही कडा सोडल्या की कामाची जागा उरते ३४. आता रिंगच ३४ ची केली तर कामाची जागा राहते १४! रिंग कमी केली एक तृतीयांशाहून थोडी जास्त आणि कामाची जागा गेली निम्म्याच्याही खाली. आमच्या माळावर वारा असा की समोरून आला की डिस्कचं नाक उचलतो आणि ती वर चढते. नीट फेकलेला पण वाऱ्यानं वीतभर सरकलेला पट आणि मुळातच गचाळ फेकलेला पट, दोघांचा निकाल मग एकच.

तरी म्हटलं, बोलण्यापेक्षा करून बघू. आमच्या बास्केटला साखळ्यांच्या दोन रांगा आहेत, बाहेरची आणि आतली. बाहेरच्या साखळ्या बाइंडिंग वायरनं खांबाला आवळून टाकल्या. नवीन काही न बनवता लहान बास्केट तयार. आणि झालं काय? आमच्यातले जे खरे पटर आहेत त्यांनी दहा मीटरवरून पट मारणंच सोडलं. चुकली तर डिस्क उतारावरून घरंगळत खाली, परत तेवढंच अंतर. त्यापेक्षा डिस्क बास्केटच्या बुडाशी सरकवायची आणि पुढच्या थ्रोला अलगद टाकायची. नवखा माणूसही तेच करतो. म्हणजे चांगल्याला दोन आणि नवख्यालाही दोन. ज्याला आपण बक्षीस द्यायला निघालो होतो, त्याचाच फायदा गेला. बघणाऱ्यांची मजा गेली ती वेगळीच.

यावर भाच्यानं स्वप्नील कुसाळेला आणलं. आपल्या राधानगरीकडचा पोरगा, २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर रायफलचं कांस्य घेऊन आला. त्या टार्गेटवरचं दहाचं वर्तुळ १०.४ मिलिमीटर. "तिथं कुणी मोठं करा म्हणतं का?" बरोबर आहे, भावा. पण तिथं प्रत्येक गोळी टार्गेटवरच मारावी लागते. आधी एक जवळ नेऊन ठेवतो, मग मारतो, अशी सोय नेमबाजाला नाही.

आणि मोठ्या गोल्फमध्ये तर वाद उलटा झाला. तिथला होल १०८ मिलिमीटरचा, आणि जीन सॅराझनसारखा जगज्जेता म्हणत होता की तो ८ इंचांचा करा, पटिंगला नको तेवढं वजन आलंय.

माझं मत असं. स्पर्धेच्या संध्याकाळी वेगळी पटिंगची चढाओढ ठेवा आणि तिथं लहान बास्केट लावा. ठरलेल्या रेषांवरून प्रत्येकानं मारायचंच, सरकवणं बंद. तिथं १४ सेंटीमीटरची खरी गंमत आहे. मुख्य कोर्सवर लहान बास्केट फक्त कडुनिंबांच्या आडोशाच्या होलला, कारण तिथं वारा लागत नाही आणि जमीन सपाट आहे. बाकी अवघड करायचंच असेल तर दोन ठिकाणी खांब उंच करतो. नियमातली जाळीच्या कडेची उंची साधारण ८२ सेंटीमीटर असते. आपली घरची स्पर्धा, दीड मीटरपर्यंत नेली तरी कोण विचारणार? उंच बास्केटला चुकलेली डिस्क लांब जाते, म्हणून मारावं की ठेवावं हा विचार करावाच लागतो, पण नीट मारलं तर पकडायला साखळ्या पूर्ण आहेत. बायकामुलांच्या गटाला मात्र आहे तेच राहू दे, त्यांचे पट अजून आपसूक पडत नाहीत.

खांबासाठी दीड इंची जीआय पाइप लागेल. वर्गणी या खेपेला आधी जमा करा. मागच्या साखळ्यांचे पैसे अजून काही जणांकडून यायचेत, आणि तेच सगळ्यात मोठ्यानं "लहान करा, लहान करा" म्हणतायत.