आमदार करतात काय? तुम्ही विचारलंत म्हणून

'आमदार पाच वर्षं करतात तरी काय?' ठाण्यात घोडबंदर रोडला गाडी अडकली की आमदाराच्या कार्यालयात बसणाऱ्या आम्हा लोकांना हे हमखास ऐकावं लागतं. पाठोपाठ 'निधी कुठे गेला?' निधी आमदाराच्या खात्यावर येत नाही. आमदार काम सुचवतो, मंजुरी जिल्हाधिकारी देतात. गटार, कचरा, दिवे महापालिकेकडे; पण नवी मुंबईत मे 2020 पासून आणि ठाण्यात मार्च 2022 पासून कित्येक वर्षं नगरसेवकच नव्हते, तेव्हा सगळी गाऱ्हाणी आमदाराच्या दारात आली. ती ऐकलीच पाहिजेत. पण आमदाराचं खरं काम सभागृहात होतं आणि तिकडे कुणी बघत नाही.

तारांकित प्रश्नच घ्या, म्हणजे ज्याचं उत्तर मंत्री सभागृहात तोंडी देतात तो. त्याची घडण ठरलेली: (1) अमुक झाले आहे, हे खरे आहे काय; (2) असल्यास, चौकशीत काय आढळून आले; (3) कार्यवाही केली नसल्यास, विलंबाची कारणे काय? सगळा भार पहिल्या भागावर. तिथे 'रस्त्याची दुरवस्था झाली आहे' एवढंच मोघम लिहिलं की उत्तर येतं, 'हे खरे नाही.' मग खालच्या प्रत्येक भागापुढे 'प्रश्न उद्भवत नाही'. अधिवेशनाच्या कितीतरी आधी दिलेला प्रश्न तिथेच मेला. म्हणून जागा, तारीख, कोणत्या कार्यालयाला कधी पत्र गेलं, हे पहिल्याच भागात घालायचं. पत्राची पोच असली की विभागाला सरळ नाकारता येत नाही, फार तर 'हे अंशतः खरे आहे' म्हणतात. तेवढ्यावर उपप्रश्नाला, म्हणजे उत्तर ऐकून तिथेच उलट विचारायला, जागा मिळते.

खातंही नेमकं धरावं लागतं. घोडबंदर रोडवर सार्वजनिक बांधकाम विभाग, महापालिका आणि मेट्रोमुळे एमएमआरडीए (मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरण), असे तिघांचे हात गुंतलेले. प्रश्न भलत्या विभागाला गेला तर इकडून तिकडे होण्यातच अधिवेशन संपतं. बरोबर गेला तरी प्रश्नोत्तराचा तास एकच. यादीत खाली असलेल्यांची नुसती लेखी उत्तरं पटलावर येतात, उपप्रश्न राहूनच जातो. वर असलात तर मंत्र्यांच्या 'तपासून घेऊ'वर खाली बसायचं नाही. मुदत वदवून घ्यायची. दिलेलं आश्वासन नोंदलं जातं आणि सभागृहाची आश्वासन समिती त्याचा जाब विचारू शकते.

हे सगळं करून खड्डा बुजतो का? दर वेळी नाही. सभागृहात नोंद झाली की निम्मं काम झालं, असं मी पूर्वी ठासून सांगायचो. आता तितक्या जोरात सांगवत नाही, कारण त्याच रस्त्यावर पुन्हा प्रश्न टाकावा लागतो. पण नोंदच नसेल तर पुढच्या वेळी धरायचं कशाला? आणि हेही खरं, की आमच्याकडच्या बॅनरवर पेव्हर ब्लॉकचं भूमिपूजन छापतात, मिळवलेलं आश्वासन नाही. मग लोकांनी तेच बघितलं तर त्यांना बोल कसा लावायचा?

यापुढे गाऱ्हाणं घेऊन आमच्याकडे येताना महापालिकेला दिलेल्या अर्जाची झेरॉक्स आणा. आवक शिक्का आणि तारीख नीट वाचता आली पाहिजे.